अंपायरला हात लावायचा नाही

रविवारची सकाळ म्हणजे ग्लेनिस नॉस्केच्या घरी धुण्याची सकाळ. मागच्या पडवीतल्या सिमेंटच्या टबात दोन कपडे एकत्र भिजत असायचे: तिचा पिवळा सदरा आणि तिच्या नवऱ्याचा, नेव्हिलचा, लांब पांढरा कोट. शनिवारी दोघंही ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मैदानावर असत. ती मधोमध शिट्टी घेऊन धावणारी अंपायर, आणि तो यारापिट या त्यांच्या गावच्या क्लबच्या वतीने गोलाच्या खांबांपाशी उभा राहून झेंडे हलवणारा गोल अंपायर. इतकी वर्षं हे दोन कपडे एकाच पाण्यातून निघत होते आणि त्यात कुणालाच काही विशेष वाटत नव्हतं.

त्या रविवारी मात्र सदरा घासताना तिला हात वर नेववेना. कोपर सुजलं होतं, आणि श्वास जरा खोल गेला की बरगडीत कळ यायची. सदऱ्याच्या पाठीवर गवताचा हिरवा पट्टा उमटला होता, खांद्यापासून थेट कमरेपर्यंत. साबण चोळून चोळून तो नुसता पसरत होता. शेवटी तिने नाद सोडला, हात पुसले आणि दुपारच्या जेवणाची कोकराची मांडी ओव्हनमध्ये सरकवली. नेव्हिल टेबलाशी लापशीचा वाडगा पुढे घेऊन वर्तमानपत्र वाचत होता. बराच वेळ त्याने पान उलटलं नव्हतं हे तिने येता-जाता पाहिलं. पण कालच्या प्रकारानंतर झोप कुणाला नीट लागली होती? तिने ते मनावर घेतलं नाही.

तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली.

यारापिटात पुढच्या दारावर कुणी टकटक करत नाही. लोक मागून येतात, जाळीचं दार ढकलतात आणि किटली तापलीय का म्हणून आतूनच ओरडतात. पुढून येतो तो पोलीस, नाहीतर देवाचा प्रचार करत हिंडणारा कुणी अनोळखी माणूस. ग्लेनिसने दार उघडलं तर समोर क्लेम पिअर्स. क्लबचा अध्यक्ष, तिच्याच वर्गात शिकलेला, आणि हातात प्लास्टिकने झाकलेलं मांसाचं ताट. शनिवारी क्लबात सोडत काढून देतात ना, तसलं: चॉप्स, सॉसेज आणि कोपऱ्यात शोभेला कोथिंबिरीसारखं काहीतरी.

"नेव्ह आहे का?" त्याने विचारलं. तिच्याकडे न बघता, तिच्या खांद्यावरून आत बघत.

"आहे की. आणि पुढच्या दाराने कधीपासून यायला लागलास? मागचं दार काय कुणी चोरून नेलं?"

"मी तुझ्याशी बोलत नाहीये, ग्लेन. म्हणजे मला बोलता येत नाही. सुनावणी होईपर्यंत क्लबच्या माणसाने तक्रार करणाऱ्या अंपायरशी बोलायचं नाही. नियमच आहे लीगचा."

"मग आत्ता काय करतोयस?"

"नेव्हकडे आलोय," क्लेम म्हणाला आणि पायपुसण्यावर बूट घासत आत शिरला.

टेबलाशी बसल्यावर तो नेव्हिलला म्हणाला, "नेव्ह, तुझ्या बायकोला सांग, माझ्या चहात साखर नको. डॉक्टरने बंद केलीय."

"ऐकलंय मी," ग्लेनिस म्हणाली.

"नेव्ह, तिला म्हणावं, उपकार झाले."

एरवी ती हसली असती. क्लेमचा हा चावटपणा शाळेपासूनचा. पण हसलं की बरगडी दुखत होती, म्हणून ती नुसती किटलीकडे वळली.

ग्लेनिस अंपायर झाली ती अपघातानेच. गव्हाच्या शेतावर वाढलेली, लग्नानंतर शाळेची बस चालवायला लागलेली बाई. शनिवारी मुली जशा खेळतात तशी ती नेटबॉल खेळायची, पुढे गुडघे कुरकुरायला लागल्यावर नेटबॉलची शिट्टी तिच्याकडे आली. एका शनिवारी फुटबॉलचा अंपायर येता येता कांगारूला धडकला आणि गाडीसकट रस्त्यातच राहिला. दोन्ही संघ तयार, गाड्या कुंपणाला लागलेल्या, विकायला ठेवलेले खिम्याचे पॅटिस कोमट होऊ लागलेले. ती शेजारच्या कोर्टवरून शिट्टी गळ्यात घालूनच आली आणि म्हणाली, "उभे काय राहिलात? मी घेते सामना." पुरुष हसले. पहिला सामना संपेपर्यंत हसायचे थांबले. तेव्हापासून ती धावते आहे.

शिव्या तिने पोटभर खाल्ल्या. कुंपणाला रेलून लोक ओरडायचे, "ग्लेन, चष्मा घरी राहिला का?" "बस चालवताना तरी रस्ता दिसतो का गं तुला?" सोमवारी हीच माणसं आपली पोरं तिच्या बसमध्ये चढवायची आणि वर बागेतली लिंबं तिच्या मांडीवर ठेवायची. तिला त्याचं वाईट वाटत नसे. शनिवारचा आवाज शनिवारी विरून जातो, हे तिने केव्हाच मान्य केलं होतं.

पण हात लावणं वेगळं. या खेळात एकाने दुसऱ्याला खांदा मारावा, कमरेला विळखा घालून आपटावं, झेल घ्यायला त्याच्या पाठीवर गुडघा रोवून वर चढावं, सगळं चालतं. अंपायरला मात्र बोटही लावायचं नाही. सहा वर्षांच्या पोरांना चेंडू लाथाडायला शिकवायच्या आधी हे शिकवतात. अंपायर मैदानाच्या मध्यावर चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवते आणि तशीच उलटी, न बघता, मागे धावत सुटते. मागे आडदांड गडी उभे असतात, आणि ते सगळे तिला वाट करून देतात. ग्लेनिस इतकी वर्षं अशी उलटी धावत आली. मागे वळून बघायची गरज तिला कधी पडली नाही.

काल सामना संपत आला होता. यारापिट काही गुणांनी मागे होतं. यारापिटच्याच जॅरड मिबसने लांबून मारलेला चेंडू मधल्या दोन उंच खांबांतून गेला, पण जाताना बचाव करणाऱ्याच्या बोटांना पुसटसा लागला. बोट लागलं की सहा गुणांच्या गोलाचा एकच गुण होतो. ग्लेनिसने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने नेव्हिलला खूण केली: एक. आणि वळली तर जॅरड तिच्याच दिशेने येत होता. तो थांबेल असं तिला वाटलं, कारण सगळेच थांबतात. त्याचे दोन्ही तळवे तिच्या छातीवर आदळले आणि ती पाठीवर पडली.

मग कुंपणाजवळच्या एका गाडीचा भोंगा वाजला. मग दुसरीचा, तिसरीचा. भोंगे गोल झाल्यावर वाजवतात. ते नेमके कशासाठी वाजताहेत हे तिला पडल्या पडल्या कळेना, आणि कळलं तेव्हा तिने शिट्टी घट्ट धरली.

जॅरडही हबकला होता. लहानपणी वळणावर त्याला ओकारी व्हायची म्हणून ती त्याला बसमध्ये आपल्या मागच्याच सीटवर बसवायची. तेव्हा जसा पांढराफटक पडायचा तसाच पडला. तिला उठवायला त्याने हात पुढे केला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली.

ती स्वतःच उठली. शिट्टी हातातच होती. तिने त्याचा नंबर सांगितला, तक्रार करत असल्याचं त्याला रीतसर ऐकवलं आणि उरलेला सामना पूर्ण केला.

त्यानंतर क्लबच्या सभागृहात सूप घेताना कुणीही आपण ते पाहिलं असं म्हणालं नाही. दुसरा अंपायर मैदानाच्या पार पलीकडे होता, त्याची पाठ होती. बाकीच्यांतला एक जण म्हणे पॅटिस आणायला गेला होता, एकाच्या डोळ्यावर ऊन आलं होतं. सगळ्या गावाची नजर एकाच वेळी दुसरीकडे गेली होती. ग्लेनिसला त्याची फारशी चिंता वाटली नाही. नेव्हिल तर तिथेच उभा होता, खांबाला लागून, हाकेच्या अंतरावर.

आता क्लेमने चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"तर नेव्ह, कमिटीतर्फे मी आभार मानायला आलोय. काल संध्याकाळी तू फोनवर सांगितलंस ते मंगळवारच्या सुनावणीत तसंच मांडू. तू कार्डावर गुण लिहीत होतास, मान खाली होती, तुला काही दिसलं नाही. झालं. तुला यायचीही गरज नाही."

ग्लेनिसच्या हातात दुधाचा जग होता. तो तिने टेबलावर ठेवला तो अर्धा काठाबाहेर. नेव्हिलने हात पुढे करून तो आत सरकवला. त्याने वर पाहिलं नाही.

"काल संध्याकाळी कधी?" ग्लेनिसने विचारलं.

क्लेम एकदा तिच्याकडे बघे, एकदा नेव्हिलकडे. "मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल."

"कधी, क्लेम?"

"सहाच्या बातम्या लागल्या होत्या," तो नियम विसरून सरळ तिलाच म्हणाला.

सहाच्या बातम्यांना ती आंघोळीला गेली होती. टबातल्या गरम पाण्यात बसून तिने बरगड्या चाचपून पाहिल्या होत्या. बाहेर आल्यावर नेव्हिलने तिला पलंगावर पालथं निजवून पाठीला मलम चोळलं होतं. हळू हळू, दुखणार नाही अशा बेताने. दुखतंय का गं, असं दोनदा विचारलं होतं. म्हणजे फोन करून झाल्यावर. त्याच हातांनी. तिला खुर्ची हवी होती पण खुर्ची कुठे आहे हे सुचेना. ती ओट्याला पाठ टेकून उभी राहिली.

"आणि जॅरडचं म्हणणं काय आहे?" तिने विचारलं.

"नेव्ह, तिला सांग की—"

"क्लेम, पुरे झालं ते."

क्लेमने टेबलावरचा अदृश्य चुरा गोळा केला. "त्याचं म्हणणं, तू उलटी धावत होतीस आणि त्याच्यावर आलीस. त्याने तुला सावरायला हात पुढे केले. कुणी तुला दोष देत नाहीये. वय होतं माणसाचं. पाय मागे पडतात."

"मी त्याच्याकडे तोंड करून उभी होते. उलटी धावत त्याच्यावर आदळले असते तर तोंडावर पडले असते. टबात सदरा पडलाय, जाऊन बघ. पाठ हिरवी आहे, पोट नाही."

"मला काही बघायचं नाही. मी इथे आलेलोच नाहीये."

"तेही खरंच म्हणा."

क्लेम उठला. माणूस दुष्ट नव्हता. उन्हाळ्यात मैदानाला पाणी कमी पडलं की स्वतःच्या टाकीतून देणारा. दाराशी जाऊन तो थांबला. "निष्काळजीपणा ठरला तर समज देऊन सोडतील, फार तर एखादा सामना. जाणूनबुजून ठरलं तर त्याचा हा हंगाम गेला, आणि पुढचाही निम्मा. शनिवारी सेमीफायनल आहे, ग्लेन. पुढच्या वर्षी आपला क्लब असेल की शेजारच्यात मिसळून टाकतील, ठाऊक नाही. पोरगा वाईट नाहीये."

"वाईट आहे असं मी कुठे म्हटलं? त्याने मला ढकललं असं म्हटलं."

"ताट फ्रीजमध्ये ठेवा. सॉसेज आजच्या आज संपवा," क्लेम म्हणाला आणि गेला.

ग्लेनिसने ताट फ्रीजमध्ये ठेवलं नाही. ते तसंच टेबलावर राहिलं, त्या दोघांच्या मधोमध. ओव्हनमधल्या मांसाचा वास घरभर पसरला होता. तिने खिडकी उघडली. बाहेर शेजारच्या लोरेनचा कोंबडा आरवला, कुणाचीतरी मोटर चालू झाली. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं, याचंच तिला आश्चर्य वाटत होतं.

ती ज्या नेव्हिलला ओळखत होती तो मेंढी चुकून दुसऱ्याच्या कळपात गेली तर संध्याकाळी परत नेऊन देणारा. क्लबात पैसे मोजताना एक नाणं जास्त निघालं तर अस्वस्थ होणारा. तिच्या बापाने लग्नाआधी त्याच्याबद्दल एकच गोष्ट म्हटली होती, की या माणसाच्या तोंडून खोटं निघायचं नाही, त्याला तेवढी कल्पनाशक्तीच नाही. सगळे हसले होते. तीही.

"नेव्ह," ती म्हणाली, "एक गुण झाला की तू काय करतोस?"

"काय म्हणजे?"

"सांग ना. मी नवीन आहे असं समज."

त्याने पेपरची घडी घातली. "एक बोट दाखवतो. मग एक झेंडा हलवतो."

"मग?"

"मग पलीकडचा गोल अंपायर झेंडा हलवून उत्तर देतो."

"तो उत्तर देईपर्यंत?"

नेव्हिलने घडी आणखी एकदा दुमडली.

"तो उत्तर देईपर्यंत तू समोर बघत असतोस," ग्लेनिस म्हणाली. "त्याचा झेंडा दिसल्याशिवाय तुम्ही पेन्सिलीला हात लावत नाही. तुझ्या समोर मी होते. मी पडले तेव्हा तुझा झेंडा अजून वर होता. मी खालून बघितला, नेव्ह. झेंडा बघितला आणि तुलाही बघितलं."

त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, "तू बरी उठलीस म्हटल्यावर मला वाटलं, सोडून देशील. तू नेहमी सोडून देतेस."

"शिव्या सोडून देते."

"क्लेमनेच विचारलं गं. म्हणाला, तू लिहीत होतास ना? मी हो म्हटलं. तेवढंच. एक शब्द. फोन ठेवल्यावर वाटलं, परत लावावा." तो हातांकडे बघत राहिला. "जॅरडच्या बापाच्या शवपेटीला मी खांदा दिलाय. त्याला सांगितलं होतं, पोराकडे बघेन. आणि तो क्लब... शनिवारी क्लबच नसला तर मी जाऊ कुठे? लोक मला काय म्हणतील?"

"मला काय म्हणतील ते ठाऊक आहे का तुला?"

तो पेपरच्या घडीवर नख ओढत राहिला.

"म्हणतील, म्हातारी उलटी धावताना पोरावर आदळली आणि त्याच्यावर आळ घेतला. मंगळवारी तसं ठरलं की बुधवारी अंपायरांचा मुख्य मला फोन करेल. फार गोड बोलेल. लहान पोरांचे सामने घेशील का म्हणून विचारेल. मग तेही विचारायचा बंद होईल." ती थांबली. बरगडीवर हात ठेवला. "आणि ते भोंगे. ते वाजवणारे सगळे बरोबर ठरतील."

"मी नव्हतो वाजवत."

"नाही. तू झेंडा खाली घेतलास आणि लिहायला लागलास."

हे ऐकून नेव्हिलने तोंडावर हात घेतला. त्याला रडताना तिने त्याचा गुडघा निकामी झाला तेव्हा पाहिलं होतं, आणि त्याची आई गेली तेव्हा. आता तो रडत नव्हता. आपल्या स्वयंपाकघरात आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या खुर्चीवर बसलोय असा चेहरा करून बसला होता. तिला त्याच्याकडे जावंसं वाटलं आणि वाटलंही नाही. काल मैदानात पडली त्यापेक्षा हे पडणं जास्त लागलं, हे तिला आता, ओट्याशी उभी असताना, उमगलं. मैदानात निदान जमीन होती.

"मी जॅरडचं वाटोळं करायला निघालेली नाही," ती म्हणाली. "त्याचा किती काळ खेळ बंद करायचा ते लीगचं मंडळ ठरवेल, त्यांना त्याचं काय ते कळतं. त्याला एक सामना दिला तरी माझं काही म्हणणं नाही. तो समोर येऊन म्हणाला की हो, ढकललं, तर मी त्याच्यासाठी दोन शब्दही बोलेन. तो बोलेल की नाही ते मला ठाऊक नाही. तो परक्याचा मुलगा आहे."

नेव्हिलने पहिल्यांदा मान वर केली.

ती टेबलाशी आली, त्याच्या समोरची खुर्ची ओढली आणि सावकाश, बरगडी सांभाळत बसली. मांसाचं ताट तिने बाजूला सरकवलं.

"मला तुझ्याकडून एकच हवंय," ती म्हणाली. "मंगळवारी माझ्याबरोबर गाडीत बस, त्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस, आणि जे पाहिलंस ते सांग."